व्हायब्रेटवर

पौषात दह्याचे चार डबे, बुडाला खिळ्याने भोकं,
माती नर्सरीवाल्या भिलाऱ्याकडची, थोडी चुलीची राख.
रथसप्तमीच्या सुमाराला रोपं वीतभर झाली,
तेव्हा रंगाच्या रिकाम्या बादल्यांत हलवली.
टोमॅटोचा दांडा खोल पुरायचा, पहिल्या पानांपर्यंत.
पुरलेल्या भागालाही मुळं फुटतात.
खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी फ्यूजची मापं तपासली,
सुताचा फरक खपवून घेतला नाही;
बादल्यांतली चारही
आपापल्या मापाने वाढली.

फाल्गुनात फुलं आली, पिवळी, खाली मान घातलेली.
आणि गळाली.
सांध्यापाशी, स्वच्छ, चिमटीने खुडल्यासारखी.
भिलारे म्हणाला, साहेब, विश्रांतवाडीत चौथ्या मजल्यावर
भुंगा कुठून येणार?
याचा पराग आत कोंडलेला, सादळलेल्या मिठासारखा.
जवळ येऊन कुणीतरी गुणगुणलं पाहिजे.

मी काय गुणगुणणार.
टिचक्या मारून पाहिल्या. दात घासायचा जुना ब्रश फिरवला.
खालच्या तारकुंडेबाईंनी मान वर करून बघितलं,
पुन्हा पाणी ठिबकतंय की काय म्हणून.

एके सकाळी बादलीवर वाकलो होतो
आणि खिशातला फोन थरथरला.
घोस खिशाला टेकलेला.
शर्टावर पिवळी भुकटी, चिमूटभर, हळदीहून फिकी.
दहा वाजलेले.
स्क्रीनवर शार्दूलचं नाव.

उचलला नाही.
पाच महिने उचलत नाही मी.
तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं,
कोल्हापुरात पाव भाजतो.
पहिली भट्टी उतरली की फोन करतो,
कट होईपर्यंत वाजू देतो.

दुसऱ्या दिवशी पावणेदहालाच व्हायब्रेटवर टाकला
आणि फोनची पाठ देठाला लावून उभा राहिलो.
आज हा घोस, उद्या तो.
पाडव्यापर्यंत सतरा फळं धरली.
शैला म्हणाली, एवढं काय घातलंत हो?
ताक आणि हिंग, म्हटलं.

मग ऊन एकोणचाळीसवर गेलं.
हिरवी जाळी बांधली, पाणी दोन वेळा.
एका मंगळवारी दहा वाजले.
दहा पाच.
सव्वादहा.
फुलं संपत आलेली, तरी मी
देठाला फोन लावून उभाच,
बोटांना पानांचा तो उग्र वास,
साबणानेही न जाणारा.

साडेदहाला मीच लावला.

आपण लावला की आपला फोन थरथरत नाही,
तिकडचा थरथरतो.
पडला असेल पिठाच्या ओट्यावर कुठेतरी,
जागच्या जागी सरकत,
भोवतीचं पीठ जरासं उडवत.

उचलला.
मागे ट्रे आदळल्याचा आवाज.
"बाबा? काय झालं?"

"काही नाही. सतरा लागलेत."

"काय सतरा?"