मानस

फोंड्याला, टायरच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत
दोन खुर्च्या, एक जास्तीची, आणि पंखा,
तीनवर ठेवला तरच गप्प राहणारा.
भिंतीवर चार प्रमाणपत्रं, चार घराण्यांची.
त्यांवर सह्या
एकमेकांचं गाणं कधी न ऐकलेल्या चार गुरूंच्या.

शिरोड्याहून सगुणबाब यायचे दर बुधवारी,
सुनेनं पाठवलं म्हणून.
रात्री उठतात, दार उघडतात, कडी लावतात,
परत उघडतात.

पहिल्या घराण्याची वही दिली मी:
कधी जाग आली, मनात काय होतं,
भीती किती, दहापैकी.
वेळा लिहून आणल्या त्यांनी.
बाकीचे रकाने कोरे.

दुसरं घराणं: डोळे मिटा. कुठे जाणवतंय?
टाचांत, म्हणाले.
काय?
गार.
मी लिहून घेतलं: टाचा, गार. पुढे प्रश्नचिन्ह.

तिसरं: जास्तीची खुर्ची समोर ओढली.
समजा, इथं वडील बसलेत.
ते उठले, खुर्ची खिडकीपासून दूर सरकवली,
"ऊन लागतंय त्याला."
एवढंच. तास संपला.

रात्री ती वही घेऊन बसले.
बारा पाच. बारा पंचावन्न. एक चाळीस. दोन तीस.
मी वर ठळक लिहिलं होतं, झोपेचा बिघाड.
बुधवारी विचारलं,
रोज पाऊण तास पुढे का जाते जाग?
पहिल्यांदाच हसले.
"भरती, बाय. ती सरकते ना पुढे."

मग हातांचे तळवे जुळवून दाखवलं:
खाजणाच्या बांधात मानस असते, तिला दोन दारं.
खाडी चढली की पाणीच लोटतं ती,
ओसरली की आतलं पाणी आतून उघडतं.
भरतीला कुणी ओढलं तर हात मोडेल, दार नाही.
माणसानं फक्त बघायचं,
फटीत फांदी नाही ना अडकली.

बापाबरोबर जायचे बघायला, नऊ वर्षांचे,
चिखलात टाचा रुतवून, कंदील धरून.
एका रात्री हाक आली.
ऐकली त्यांनी.
उठले नाहीत.
बांधाला खांड पडली. तीन वर्षं त्या शेतात
कोरगूटसुद्धा उगवला नाही.
बाप त्यावर एक अक्षर बोलला नाही, मरेपर्यंत.

चौथं घराणं इथं काय म्हणतं ते मला पाठ होतं.
तोंडापर्यंत आलं.
खाली कुणीतरी टायरमधली हवा सोडत होतं,
ती संपेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.

मग तेच उठले, जास्तीच्या खुर्चीत जाऊन बसले,
पाठ वाकवून, गुडघ्यांवर हात,
आणि रिकाम्या झालेल्या आपल्या जागेकडे बघत
कुणा दुसऱ्याच्याच आवाजात म्हणाले,
"न्हिद रे, पुता."

अजून उठतात. कडी एकदाच बघतात.
कधी नुसतेच ओट्यावर बसतात, सून सांगते, बिडी न ओढता.

शिकायला येणारी मुलगी विचारते,
मग नेमकं कशानं?
मी वही चाळते, उत्तर असल्यासारखी.
जास्तीची खुर्ची
खिडकीपासून लांबच आहे, त्यांनी ठेवली तिथं.
झाडूवाली रोज जागेवर आणते.
मी रोज परत सरकवते.