गुऱ्हाळ सुरूच

बावीस वर्षं रात्रपाळीला
हेच शीर्षक लावत आलो.
महापालिकेची सभा लांबली, गुऱ्हाळ.
हद्दवाढ, गुऱ्हाळ.
जागावाटप, पाणीपट्टी, देवळाच्या ट्रस्टींची भांडणं,
चर्चेचे गुऱ्हाळ सुरूच.
तीन शब्द. दोन कॉलमांत मापात बसतात.
लिहावंसुद्धा लागायचं नाही,
मागचं पान उघडायचं, तारीख बदलायची.

एका दुपारी ऑफिसच्या जिन्यावर
केरबा चेचर. राहणार वडणगे. सत्तरीच्या पुढचा.
काखेत आमचाच पेपर, चार घड्या घातलेला,
बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत.
"हे कुणी लिवलंय?"
मी, म्हणालो.
"कुठं सुरू हाय?"
काय?
"गुऱ्हाळ. सुरूच म्हंतासा.
आमच्या शिवारात चार हुती, चारीबी बंद.
माझं चुलवाण पाडव्यापासनं थंड हाय.
कुठं सुरू असंल तर सांगा,
गुळव्या म्हणून जातो. हाजरी कमी दिली तरी चालंल."

थट्टा करतोय वाटलं.
थोडी करत होताही.

चहा मागवला. त्यानं बशीत ओतून आधी रंग बघितला,
मग सांगत बसला.
काहील एवढी असते, म्हणून हात फाकवले,
ते माझ्या टेबलाच्या दोन्हीकडून बाहेर गेले.
(अंगाची काहिली मी दर एप्रिलात छापलीय.
काहील कधी पाहिली नव्हती.)
खाली चिपाडांचा जाळ. रस तापला की भेंडीचं पाणी,
मळी वर येते, ती काढायची, काढत ऱ्हायची.
"तुमच्या मिटिंगीत मळी कोण काढतं?"
मग फेस, मग बुडबुडे जड व्हायला लागतात.
थेंब पाण्यात टाकायचा, बोटानं गोळी करायची,
भांड्याच्या काठावर मारायची.
टण्ण वाजली की
सगळ्यांनी मिळून काहील उतरायची, त्याच दमाला.
"तवा कोण मिनिटभर बोलत बसला
तर आदण काळं पडतंय.
गुऱ्हाळात बोलाय सवड कुठली, सायेब?
आन् लांबत कुठं? तीन तासांत गूळ."

मी पुढच्या रविवारी गेलो.
शिवाजी पूल ओलांडून वडणगं, वेळ लागतो तो किती,
बावीस वर्षं लागली.
पत्र्याचं छप्पर, धुराड्याच्या विटा निघालेल्या,
वाफ्यात नातवाची मोटरसायकल.
काहील पालथी. एका बाजूनं दगड लावून उचललेली,
आत कोंबडी अंड्यावर बसलेली.
केरबानं वाकून तिला हात जोडल्यासारखं केलं
आणि पत्र्यावर बोटाचं पेर मारलं.
बराच वेळ वाजत राहिली.
कोंबडी हलली नाही. आम्हीही काही बोललो नाही.

निघताना शेवटच्या आदणातला खडा दिला, कागदात गुंडाळून.
कागद आमच्याच पेपरचा होता,
कुठल्या पानाचा ते बघायचं टाळलं.
तो टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहिला
आणि चार दिवसांत
शिंगट्याच्या कीबोर्डापर्यंत मुंग्यांची रांग.

गुरुवारी सभा होती. साडेअकराला बातमी आली,
दोन कॉलम, जागा तीन शब्दांची.
चर्चेचे, इथपर्यंत बोटं आपोआप गेली.
मग थांबली.
पाण्यात टाकून बघितलं तर गोळी होईना.
पुसलं. लिहिलं,
पाच तास सभा; निर्णय नाही.
एक शब्द जास्तच झाला, टाईप अर्धा पॉइंट बारीक केला.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठ डबा खाता खाता म्हणाले,
"कालचं शीर्षक अगदीच अळणी झालंय हो."
मी काही बोललो नाही.
अळणी.
म्हणजे यांना मीठ तरी आठवतंय.