नुकसान

बोगुमिव चाळीस वर्षं ग्दिन्याच्या धक्क्यावर
खराब झालेल्या मालाचे फोटो काढत होता, विमा कंपनीसाठी.
भिजलेली कॉफीची पोती, चेपलेली पिंपं,
कंटेनरच्या पोटातलं गंजकं, बोटभर भोक,
आणि प्रत्येक भोकाशेजारी एक मोजपट्टी,
म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको, भोक लहान होतं.

आता दर गुरुवारी तो आमच्या खानावळीत येतो,
ट्रे घेऊन ट्यूबलाइटखालची जागा धरतो
आणि जेवणाआधी उभा राहून,
थेट वरून, फ्लॅश मारून
माझ्या बीटाच्या सूपचा फोटो काढतो.
शेजारी चमचा. मोजपट्टीच्या जागी.

फोटो जातो ट्रोम्सोला, लेकीकडे.
बाबा जेवले, याचा पुरावा.
एकदा त्याने मलाही दाखवले.
अहो, सव्वीस वर्षं मी इथे डाव धरते आहे,
माझं सूप इतकं काळं पातेल्याच्या तळालाही नसतं.
मधोमध फ्लॅशचा पांढरा व्रण,
साय अशी, की तिला कुणी ओळख पटवायला बोलावलंय.
‘लेक काय म्हणते?’
‘विचारते, तब्येत बरी आहे ना.’
‘विचारणारच. हा जेवणाचा फोटो नाही,
हा पंचनामा आहे.’

फोटोतलं मला ओ का ठो कळत नाही.
पण बीट कधी लाल दिसतं, ते कळतं.
साडेअकराला, तिसऱ्या खिडकीशी,
ट्रॉलीबसच्या तारांखालून ऊन तिरकं आत येतं,
तेव्हा परतलेला कांदा कांद्यासारखा दिसतो,
पिरोगीच्या कडेवर माझ्या अंगठ्याचे ठसे मोजता येतात.
त्याला उठवलं. ‘तिथे बसा. आणि बसूनच काढा.
भुकेला माणूस वाडग्याकडे छतावरून बघत नाही.’

फ्लॅश बंद केला गल्ल्यावरच्या ओलिव्काने.
वाडग्याची कड मी फडक्याने पुसली.
शेपूची काडी तो सरळ करायला गेला,
म्हटलं, राहू दे, पडली तिथे बरी आहे.
तरी एक बाजू अंधारीच.
एरवी पावाची पांढरी व्हॅन दारात लागते
आणि तिच्या अंगावरून उजेड उलटा आत येतो,
पण त्या दिवशी व्हॅनला उशीर.
मग मीच ॲप्रनची दोन टोकं ताणून
सावलीच्या बाजूला उभी राहिले, शिडासारखी.
मागे रांग खोळंबलेली,
‘बाई, पिरोगी आज मिळणार का?’
‘मिळतील. वाफ आहे तोवर दम धरा.’

तो वाकला. श्वास रोखला.
इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच
तो अशा वस्तूसमोर होता
जिचं काही बिघडलेलं नव्हतं,
आणि त्याला कळेना, नेम कशावर धरायचा.

फोटो जरा हललाच.
वाफ कोपऱ्यात, कडेला माझं ॲप्रन,
त्यावर कालचा रस्सा.
पण लाल आहे. बीटाचं लाल.

लेकीने तब्येत विचारली नाही या वेळी.
एवढंच आलं:
माझ्यासाठी एक घास ठेवा.

तोवर तो वाडगा पावाने पुसून बसलेला.
उठला, उभा राहिला,
थेट वरून, फ्लॅश मारून,
शेजारी चमचा ठेवून काढला फोटो,
आणि खाली जुन्या सवयीने भरला तपशील:
गुरुवार, अकरा पन्नास, तिसरी खिडकी.
नुकसान: संपूर्ण.
दावा: नाही.