वारा कुठून आणायचा

दिग्दर्शक म्हणाला, केस निळे हवेत, पण खरे.
मी विचारलं, किती निळे?
त्याने फोनवर चित्र मोठं केलं,
इतकं मोठं की तोमारीचा चेहराच निघून गेला
आणि उरला नुसता रंग.
दांडियाबाजारात सात निळे मिळाले.
त्यातला एकही तो नव्हता.

तो रंग मला पाठ आहे.
दुपारी साडेचारला, पाठीवरची दप्तरं न उतरवता,
मी आणि निरंजन टीव्हीसमोर.
घरात मराठी, गल्लीत गुजराती,
आणि तोमारी बोलायचा हिंदी,
त्यामुळे जपान दाहोदच्या पुढे
मध्य प्रदेशात कुठेतरी असणार
असा आमचा पक्का समज.
रतलामच्या मामाला निरंजनने पत्रात विचारलंही होतं:
तुमच्या गच्चीवरून धुक्याची नाव दिसते का?

तोमारी गप्प उभा राहायचा तेव्हा
फक्त केस हलायचे.
बंद खोलीत, बुडालेल्या देवळात,
पाण्याच्या तळाशीसुद्धा.
निरंजन आरशापुढे तसाच उभा राहायचा,
श्वास कोंडून, पापणी न लववता,
आणि मी मागून पुठ्ठ्याने वारा घालायचे,
तो लालबुंद होईपर्यंत.
मग फुटायचा. खोकत, हसत.
चित्राला श्वास लागत नाही
हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आता तोमारी म्हणजे ध्वनिल पटेल, वय सतरा,
राहणार मांजलपूर, गालावर तीन पुटकुळ्या.
विश्वामित्रीच्या काठी, मगरींच्या पाटीपासून जरा लांब,
एप्रिलच्या बेचाळीस अंशांत
मी त्याच्या कपाळाला गोंद लावते.
डावीकडून पंखा, उजवीकडून पंखा.
केस उडतात, नाही असं नाही,
पण लग्नाच्या मांडवातल्या झालरीसारखे.
डोळ्यांत धूळ जाते. जनरेटर बसतो.
चित्रातल्या वाऱ्याला वायर नव्हती.

निरंजन हॅलिफॅक्सहून रोज लिहितो:
केस बिघडवलेस तर राखी पाठवू नकोस.
आणि नाक एवढं कशाला?
त्याचं नाक म्हणजे एक रेघ होती ताई, एक रेघ.

खरं आहे.
या मुलाला नाकपुड्या आहेत, त्या फुलतात.
गळ्याची घाटी वर जाते, खाली येते.
नाव बहिणीला घेऊन जाते त्या प्रसंगात
चित्रातला तोमारी अकरा सेकंद हलत नाही
(आम्ही मोजायचो),
याला एक सेकंद जमत नाही.

सहाव्या टेकला त्याला खाज सुटली.
डोळे नदीवरच, आणि एक बोट
हळूच विगच्या आत.
मी ओरडणारच होते, कड सुटेल म्हणून.
बावन्न भागांत तोमारीने
एकदाही डोकं खाजवलं नव्हतं.
दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला नाही.
आणि ते पोर खाजवता खाजवता रडायला लागलं,
कुणी सांगितलं नसताना.
थेंब काही मुठीएवढा नव्हता.
दिसलाही नसता,
मधल्या पुटकुळीशी अडला म्हणून दिसला.

निरंजनला लिहिलं: केस जमले.
बाकीचं लिहिता आलं नाही.

रात्री विग धुतला, गच्चीवर
उपड्या डब्यावर वाळत ठेवला.
पहाटे बघायला गेले
तर निळे केस हलत होते,
सावकाश, एकाच बाजूने,
थेट तसेच.
खाली दूधवाला, वर कोणी नाही,
कॅमेरे पेटीत.
किती वेळ उभी होते माहीत नाही,
एकदम खोकला आला तेव्हा कळलं.

मग खाली येऊन पिना मोजल्या.
एक्केचाळीस.
एक नदीत असणार.