जिभेखाली

सकाळची वरणगाव-भुसावळ.
खिडकी भिकनला, कडेची जागा मला,
तो मधेच उतरू नये म्हणून.
दोघांनाही माहीत.

एक्स-रेच्या पुढची खोली.
वळवी सिस्टर गोळी चुरतात,
त्याच्या जिभेखाली ठेवतात.
विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही.

तीन वर्षं हा नुसता बोलत होता.
शेवटचं, आक्का. मित्राचं औषध आहे.
आईची पाटली? मला काय माहीत.
आता तोंड मिटून समोर बसतो
आणि मला बघता येतं:
कोपराखाली काळवंडलेल्या शिरा,
हनुवटीवर कडब्याच्या गाडीवरून पडल्याचा
तो जुना व्रण.

आ कर. जीभ वर.
मग सही.

मधे चार दिवस आला नाही.
वहीत चार रकाने कोरे.
पाचव्या दिवशी सिस्टर रागावल्या नाहीत.
पुन्हा कमी डोसपासून, म्हणाल्या,
आणि माझ्याकडे वळून, तुम्ही जेवलात का?
मला उत्तरच सुचेना.

हा जन्मला तेव्हा आईने
पाच घरचे दाणे मागितले, म्हणून भिकन.
मागून आणलेलं टिकतं, म्हणायची.

आज जिन्यातच थांबला.
"आक्का, माले भूक लागनी."

स्टँडवर भज्यांची कढई तापलेली.
मी पैसे मोजायला लागले,
मग पर्सच त्याच्या हातात दिली
आणि पाठ करून
पाण्याचा ग्लास विसळत राहिले,
स्वच्छ होता तरी.