एफीझिओ

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं,
खोकल्याचं औषध असावं:
जेवणानंतर दोन चमचे, बाटली नीट हलवून.

तोरिनोत हे नाव दुसऱ्या कुणाचं नव्हतं.
कारखान्यात मुकादमानं हजेरीला अडखळून
त्याचा फीझो केला, मग नुसता फी.
बँकेतली बाई म्हणाली, आडनाव कळलं, आता नाव सांगा.
तो शांतपणे अक्षरं सुटी करून द्यायचा,
माशाचे काटे ताटाच्या कडेला ठेवावेत तशी.

मी मात्र वीस वर्षं ते एकटीनं वापरलं.
जिन्यातून, तापात, भांडणात.
हाकेला एकच माणूस. चुकायची सोयच नव्हती.

यंदा काल्यारीला गेलो, त्याच्या गावी.
मासळीबाजारात कुणीतरी ओरडलं, "एफीझिओ!"
आणि सहा माना वळल्या:
बर्फ फोडणारा, कालवं विकणारे दोघे भाऊ (दोघेही!),
नाक पुसणारं एक पोरगं, एक पोलीस,
कानात यंत्र घातलेला म्हातारा, जरा उशिरानं.
सातवा हा.

"जुन्या प्लेगचा नवस," नणंद म्हणाली,
"पोरांच्या नावांनी अजून फेडतोय आम्ही."
इथे ते पैशाला पासरी.

हाक होती भलत्याच कुणाला, उधारीसाठी.
तरी हा हसत उभा, हातात गळकी पिशवी,
आपल्याला कुणी बोलावलं नाही
याचाच आनंद झाल्यासारखा.

परतीच्या बोटीवर खूप वारा होता.
तो कठड्याशी, पाठमोरा.
मी हाक मारली नाही.
जाऊन बाही ओढली.