सात नंबरची जाळी

आमागासाकी स्टेशनच्या मागे, पाचिन्कोच्या भिंतीला लागून
बारा खुर्च्या, बारा शेगड्या.
एका माणसाला एक शेगडी, मध्ये फळी.
मंगळवारी सातशे ऐंशी येनमध्ये
मांसाच्या आठ चकत्या, सूप, वाटीभर किमची, भात.
भात पुन्हा मागा, पैसे पडत नाहीत.
हे मालकानं स्वतःच्या हातानं भिंतीवर लिहिलंय
आणि ‘पडत नाहीत’खाली दोन रेघा.

मी आत असतो, मोरीपाशी.
जाळ्या घासतो.
माणसं दिसत नाहीत मला, त्यांच्या जाळ्या दिसतात.

तीन नंबरचा वेल्डर आठही चकत्या एकदम टाकतो,
जाळीभर काळा नकाशा, कुठला देश ते कळत नाही.
अकरा नंबरचा पोरगा उलटायला विसरतो,
कोळसा झालेली चकती घट्ट धरून बसते तारेला,
फोन बघत असणार.
एक जोडपं भांडून येतं, फळीच्या अलीकडे-पलीकडे बसतं,
दोघांच्या जाळ्यांवर डाग अगदी सारखे.
त्यांना सांगणार कोण?

सात नंबर मात्र मधोमध स्वच्छ यायची.
कडेला, पत्र्याला टेकून
बोटभर तपकिरी खुणा,
जिथं धग पोचतच नाही अशा जागी.
तीन मंगळवार असंच.
मला वाटलं, शेगडीच बिघडली.
चौथ्या मंगळवारी हात पुसले नि डोकावलो.

मित्सुए-सान. सत्तरीची.
मोज्यांच्या कारखान्यात होती, असं कानेदा सांगते,
आणि कानेदाला सगळं माहीत असतं.
कोट अंगातच, पर्स मांडीवर,
चिमटा असा धरलेला, जसं दुसऱ्याचं पेन.
समोर एवढी मोकळी जाळी
आणि ही एकेक चकती काठावर ठेवतेय.
मधली जागा कुणासाठी तरी राखलेली.

कुणी येणार नव्हतं.
नवरा फेब्रुवारीत गेला. एक मुलगा सेन्दाइला,
दुसरा कुठे, ते ती कानेदालाही सांगत नाही.
इतकी वर्षं तिनंच भाजलं असेल,
याला लालसर, त्याला कुरकुरीत,
सासऱ्याला दात नव्हते.
मागे राहिलेलं, वातड, निवलेलं, ते तिचं.

बोलणं माझं काम नाही.
जाळी बदलायला म्हणून गेलो, बदलायची गरज नव्हती.
तिनं मान वर न करता विचारलं,
‘हे किती वेळ ठेवायचं?’
मी म्हटलं, ‘तुम्हाला कसं आवडतं?’

चिमटा हवेतच थांबला.
वेल्डरच्या शेगडीत चरबी ठिबकली, भडका उठला, बसला.
‘तेच तर,’ ती म्हणाली.
‘माहीत नाही.’
मग हसली, तोंडावर हात ठेवून,
जसं भाताऐवजी ताटात चुकून पाणी वाढलं असावं.

पुढच्या मंगळवारी पुन्हा काठच.
त्याच्या पुढच्याला ती आली नाही,
की मीच आलो नव्हतो, आठवत नाही.

आणि काल, दहा वाजून गेल्यावर,
सात नंबर पाण्यात बुडवणार एवढ्यात
मधोमध डाग. फिकट, जवळजवळ कच्चा.
त्याच्या शेजारी जरा गडद.
मग आणखी. पाचवा तर काळाठिक्कर.
सहावा घाबरून मागे सरलेला,
सातवा आणि आठवा
हुबेहूब तिसऱ्याच्या रंगाचे.

मी घासणी हातात घेऊन उभा.
मालक ओरडला, नळ बंद कर.
कानेदाला बोलावून दाखवली.
ती म्हणाली, ‘काय बघायचंय? घाण जाळी.’
खरंच होतं ते.

बाकीच्या अकरा घासून टाकल्या, ही शेवटी घेतली.
सॉसमधली साखर तारांच्या सांध्यांत
अशी जळून बसली होती
की नखानं खरवडावी लागली.
शेवटची ट्रेन चुकली माझी.